वस्तीत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी: यादीत ४०० बायका, शिबिराला येणार किती?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत महिला मंडळ आणि दोन आशाताई मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करायचं ठरतंय. घरोघरच्या सर्व्हेतून ३० ते ६५ वयाच्या साधारण ४०० बायकांची नावं हाताशी आहेत. व्हीआयएचं (पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नजरेने पाहायची तपासणी) प्रशिक्षण झालेली एक सिस्टर यायला तयार आहे, समाजमंदिराचा हॉल मिळतोय. मंडळाच्या डोक्यात आहे ते असं: एखाद्या रविवारी मोठं शिबिर, चौकात बॅनर, रिक्षातून घोषणा, आलेल्यांना नाश्ता.

अशा शिबिरांत नेहमी दिसतं ते हे, की बीपी-शुगरच्या टेबलापुढे रांग असते आणि आतल्या तपासणीच्या पडद्याकडे कोणी फिरकत नाही. तसं होऊ द्यायचं नाहीये. दिवस आणि वेळ कोणती धरावी? व्हीआयए पुरेशी आहे की पॅप (पेशींची स्लाइड) किंवा एचपीव्हीच्या (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची चाचणी) मागे लागावं? दारात जाऊन नेमकं काय बोलावं? आणि एखादीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढची सोय आधीच कशी लावून ठेवावी? अनुभवी मंडळींनी जरा सविस्तर लिहा.

मुळाकाठ

सगळ्यात आधी तो रविवार खोडा. रविवारी नवरा घरी, पोरं घरी, आठवड्याचं धुणं निघालेलं. शिवाय सुट्टीच्या दिवशी हॉलबाहेर पुरुष उभे असतात, त्यांच्यासमोरून बाई त्या दारात शिरणार नाही. तुमच्या भागातल्या बहुतेक बायका सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. सकाळी पाणी भरून सातला बाहेर, एक-दीडला परत, पुन्हा पाचला भांडी. म्हणजे दुपारी २ ते ५ एवढीच वेळ त्यांची. तीच धरा, आणि मधला एखादा वार. पालखी, गणपती, नवरात्र टाळा. उपासाच्या दिवशी आतली तपासणी नको असं बऱ्याच जणींना वाटतं, त्यामुळे श्रावणी सोमवार आणि मार्गशीर्षातले गुरुवारही सोडा. यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही, वार बदलणं सोपं.

दुसरं, 'मोठं शिबिर' हे गणितातच बसत नाही. एका बाईला टेबलावर घेणं, समजावणं, तपासणं, कपडे नीट करून उठवणं, चादर बदलणं, नोंद करणं, यात घाई न करता १० मिनिटं जातात. तासाला ६, तीन तासांत १८. एका सिस्टरकडून एका दिवसात १०० बायका तपासून घ्यायच्या म्हटलं तर दोनच गोष्टी होतील. एकतर ८० जणी कंटाळून परत जातील आणि त्या पुन्हा कधी यायच्या नाहीत, नाहीतर सिस्टर प्रत्येकीला दोन मिनिटांत उरकेल. व्हीआयए दोन मिनिटांत होतच नाही. तेव्हा दर बुधवारी १८ नावं असं चालवा. ४०० ला २२ बुधवार, म्हणजे पाच-साडेपाच महिने. राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी पाच वर्षांतून एकदा सांगितली आहे, मग ती एकाच दिवसात उरकायची घाई कशाला?

स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून लावायचं धातूचं साधन) मोजून घ्या. काम अडतं ते इथेच. वापरलेला स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायचा (५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १ भाग ते आणि ९ भाग पाणी), ब्रशने धुवायचा, मग २० मिनिटं उकळायचा नाहीतर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायचा. धरून-सोडून पाऊण तास. तुमच्याकडे ६ नग असतील तर पहिल्या तासानंतर टेबल रिकामं आणि बायका बाहेर ताटकळत. १८ जणींसाठी २२ नग आधीच ऑटोक्लेव्ह करून आणा, त्यात मध्यम जास्त, लहान ५-६, मोठे २-३. मग जागेवर उकळायची भानगड नाही. क्लोरीनमध्ये १० मिनिटांहून जास्त ठेवू नका, धातू खराब होतो, कडा खरखरीत होतात आणि त्या पुढच्या बाईला बोचतात.

अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड त्याच दिवशी बनवा: ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, उलट नाही. १०० मिलीत १८-२० जणींचं भागतं. मूळ बाटली टेबलाजवळ आणूच नका. न पातळ केलेलं अ‍ॅसिड लागलं तर भाजतं, आणि अशी एक गोष्ट वस्तीत पसरली की तुमचा कार्यक्रम तिथेच संपला. मिश्रणाच्या बाटलीवर तारीख लिहा, संध्याकाळी उरलेलं ओता.

बोळा लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. जास्तीत जास्त चुका या मिनिटातच होतात. पंधरा सेकंदांत पाहिलं तर पांढरा डाग अजून उमटलेलाच नसतो. आधी कोरड्या बोळ्याने स्राव पुसला नाही तर स्रावाचाच पांढरेपणा डाग वाटतो. हॉलच्या ट्यूबलाइटवर भागत नाही, मान वळणारा पांढरा एलईडी दिवा हवा. वीज जाते, तेव्हा चार्जिंगचा जास्तीचा एक ठेवा.

शेवटचं म्हणजे खोली. पडदा चालणार नाही, आतून कडी लागणारं दार हवं. टेबलाचा पायाकडचा भाग दाराकडे नको, भिंतीकडे हवा. आधी लघवीला जाऊन यावं लागतं, म्हणून स्वच्छतागृह उघडं, त्यात पाणी आणि बादली. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

स्त्रीरोग_ओपीडी

मुळाकाठ यांनी लिहिलेलं यादीसारखं भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. मी चाचणीबद्दल लिहिते.

व्हीआयएला कमी लेखू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केलेल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या डॉक्टर नव्हत्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख पक्की होती.

एचपीव्ही चाचणी मात्र त्याहून सरस आहे, आणि याचा भक्कम पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले: एचपीव्ही, पॅप, व्हीआयए आणि नेहमीचीच व्यवस्था. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटात ६४. हा निकाल २००९ साली आला. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही आधी करा म्हणते, त्यामागे या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेलं सहकार्यही आहे. दारात गेल्यावर हे जरूर सांगा. 'परदेशातलं काहीतरी' नाहीये हे.

आणि देशाचं चित्र पाहा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. शरीरात विषाणू टिकून राहिल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा १५-२० वर्षं जातात. एवढी वर्षं मिळूनही आपण गाठत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पॅपबद्दल थोडक्यात: स्लाइड पाहणारा पॅथॉलॉजिस्ट जोडलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. स्लाइड काही सेकंदांत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली नाही तर वाळते आणि वाचता येत नाही. डोक्यावर पंखा असलेल्या हॉलमध्ये हे हमखास होतं. शिवाय रिपोर्ट आठ-पंधरा दिवसांनी, तोवर अर्ध्या बायका फिरकत नाहीत.

आता वय. व्हीआयएमध्ये आपण गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या आणि आतल्या आवरणांची सांधरेषा पाहतो. पाळी गेल्यावर ती रेषा आत सरकते, बऱ्याचदा दिसतच नाही. तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बाईत 'पांढरं काही दिसलं नाही' याचा अर्थ 'सगळं ठीक' असा होत नाही. अशा वेळी निगेटिव्ह लिहू नका. 'सांधरेषा दिसली नाही' असं लिहा आणि तिला एचपीव्ही किंवा पॅपसाठी पाठवा.

त्या दिवशी कोणाला घ्यायचं नाही: पाळी चालू असलेली, गरोदर, बाळंतपण किंवा गर्भपाताला १२ आठवडे न झालेली. पिशवी तोंडासकट काढलेली असेल आणि ती कॅन्सर किंवा कॅन्सरपूर्व बदलांसाठी काढलेली नसेल तर तपासणीची गरज नाही. पण 'पिशवी काढली' म्हणणाऱ्या प्रत्येकीचं तोंड काढलेलं असतंच असं नाही. ऑपरेशनचा कागद पाहा, कागद नसेल तर एकदा स्पेक्युलम लावून पाहायला हरकत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि ३ ते ५ वर्षांनी व्हायला हवी. त्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जातात, तिथल्या समुपदेशकांशी बोलून ठेवा. वस्तीत त्यांची वेगळी यादी करू नका.

आणि पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, दुर्गंधी असलेला स्राव, यातलं काही असेल तर ती बाई शिबिराची नाहीच. तिला बुधवारची वाट बघायला लावू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये.

पर्वती_पायथा

खूप आभार. बुधवारचं गणित मंडळासमोर मांडते. ताई, पाळी गेलेल्यांसाठी मग बायकांनी स्वतःच घ्यायच्या एचपीव्ही नमुन्याचा पर्याय धरावा का? आणि दारात काय बोलायचं ते राहिलंच.

हडपसर_लाइन

दारातल्या बोलण्यावर लिहितो. आशांच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ आम्ही यालाच देतो.

'कॅन्सरचं शिबिर आहे, या' हे वाक्य पहिल्यांदा टाकून द्या. ऐकणारीला वाटतं, माझ्यात काहीतरी दिसलंय म्हणून मलाच बोलावतायत. 'गर्भाशयमुख' हा शब्दही फॉर्मवरच राहू द्या. बायकांच्या तोंडी 'पिशवीचं तोंड' आहे, तोच वापरा. आमच्या आशाताई साधारण असं बोलतात:

"वहिनी, पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. दुखत-खुपत नसलं तरी तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा करून घ्यायची असते. सिस्टर आहे, पुरुष कोणी नाही. कापायचं नाही, इंजेक्शन नाही, पिशवीला हात लावत नाहीत, नुसतं तोंडाला औषध लावून बघतात. दहा मिनिटं. थोडं चुरचुरेल. तुमचं नाव येत्या बुधवारी अडीचला आहे. पाळीची तारीख त्यात येते का?"

यातलं 'पिशवीला हात लावत नाहीत' हे फार महत्त्वाचं. तपासायला नेतात आणि पिशवी काढतात, ही भीती खरी आहे, आणि ती उगाच आलेली नाही. गरज नसताना पिशव्या काढल्याचे प्रकार महाराष्ट्रात झाले आहेत, बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा विषय तर विधिमंडळात गाजला. तेव्हा ही भीती हसण्यावारी नेऊ नका, समोरून नीट उत्तर द्या.

नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हातात द्या. 'कधीही या' म्हटलं की कोणी येत नाही. आदल्या दिवशी पुन्हा एक फेरी. त्याच वेळी सांगायचं की दोन दिवस संबंध नको, आतून कसलंही औषध किंवा क्रीम नको.

सीबॅक फॉर्मबद्दल (आशाताई घरोघरी धोक्याचे गुण मांडायला भरतात तो) एक गैरसमज दिसतो. ४ पेक्षा जास्त गुण आले तरच तपासणी, असं धरून बाकीच्यांना सोडून देतात. गुण फक्त प्राधान्य ठरवायला आहेत. तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांची.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं बोलायला उत्तम जागा आहेत, पण तिथे विधवा आणि सोडलेल्या बायका बहुधा येत नाहीत. त्यांच्या तब्येतीकडे तसंही घरात कोणी पाहत नाही, मग त्याच सुटतात. त्यांच्याकडे वेगळं जा, किंवा कार्यक्रमाला 'तिळगूळ' म्हणा आणि सगळ्यांना नावाने बोलवा.

स्त्रीरोग_ओपीडी

स्वतः घ्यायच्या नमुन्याबद्दल: होय, धरावा. डॉक्टरने घेतलेल्या आणि बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यात चांगल्या पीसीआर चाचणीवर फारसा फरक पडत नाही. टेबलावर यायला जी ठाम नकार देते ती घरी दार लावून हे करते.

पद्धत सोपी. हात धुवायचे, एक पाय स्टुलावर किंवा उकिडवं बसायचं, काडीच्या टोकाला हात न लावता ती बोटाच्या दोन पेरांइतकी आत घालायची, २० ते ३० सेकंद हळू फिरवायची, काढून थेट नळीत, झाकण घट्ट. पाळीत करायचं नाही. चुका बहुतेक नळीवर होतात: नाव किंवा नंबर न लिहिलेली नळी, किंवा नळीतलं द्रव सांडणं. नंबर आशाताईने नळी देतानाच लिहावा, नंतर नाही.

दोन इशारे. या नमुन्यावर एचपीव्हीच होते, पॅप किंवा व्हीआयए नाही. आणि पॉझिटिव्ह आली तर टेबलावर यावंच लागतं, हे नमुना घेण्याआधी सांगा. नाहीतर तिला फसवल्यासारखं वाटेल. खर्च आणि प्रयोगशाळा आधी पक्की करा. क्षयरोगासाठी बऱ्याच सरकारी केंद्रांत बसवलेल्या ट्रूनॅट मशीनवर एचपीव्हीची चाचणीही चालते, पण मशीन आहे म्हणजे एचपीव्हीची चाचणी-चिप आहे असं धरू नका, फोन करून विचारा. चाचण्या मोजक्याच मिळाल्या तर त्या पाळी गेलेल्यांसाठी आणि नकार देणाऱ्यांसाठी राखा, तरुणींना व्हीआयए.

वहीवाली

आत्तापर्यंत सगळे बोलावण्याबद्दल बोलले. माझं म्हणणं असं की पॉझिटिव्ह आलेल्या बाईची सोय पहिल्या बुधवारच्या आधी लागलेली नसेल तर सुरूच करू नका. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हीआयए १०० पैकी साधारण १४ जणींची पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे दर बुधवारी दोन-तीन बायका तुमच्या हातात असतील. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, पण त्या रात्री तिला झोप लागणार नाही.

ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, कमला नेहरू, यांपैकी जिथे तुमच्या केंद्राची जोडणी आहे तिथे कॉल्पोस्कोपी (भिंगातून पिशवीचं तोंड बारकाईने पाहणं) कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत नाव घेतात, कोणत्या मजल्यावर, हे स्वतः जाऊन विचारून या. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेली बाई केसपेपरच्या खिडकीवरूनच परत येते. दोन-तीन जणींना एकत्र, सोबत एक कार्यकर्ती देऊन पाठवा. कामावरची सुट्टी आधी सांगायला लागते, त्यामुळे त्याच आठवड्यातला नाही, पुढच्या आठवड्यातला वार द्या.

वहीत रकाने असे ठेवा: नाव, वय, शेवटची पाळी, फोन नंबर आणि तो कोणाचा, सांधरेषा दिसली का, निष्कर्ष, कुठे पाठवलं, पोचली का, उपचार कोणत्या तारखेला. फोन कोणाचा हा रकाना विसरू नका. नंबर नवऱ्याचा असेल तर फोनवर फक्त 'ताईंना बुधवारी यायला सांगा' एवढंच, निष्कर्ष नाही. तोंड (म्हणजे मुख), स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सर तपासणीचे रकाने वेगळे हवेत. 'कॅन्सर तपासणी झाली' अशी एकच टिक असली की तोंड बघून झालेल्या बाईची तिसरी तपासणी कागदावर आपोआप होऊन जाते.

एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला तिथल्या तिथे, दार लावून सांगायचं: हा फार सर्रास आढळणारा विषाणू आहे, बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो. कधी आला, कोणाकडून आला हे चाचणी सांगत नाही. यावरून घरात संशय घ्यायचं कारण नाही. हे नाही सांगितलं तर रिपोर्टने संसार मोडायची वेळ येते.

छोटा कॅन्सरपूर्व डाग असेल, पूर्ण दिसत असेल आणि आत शिरलेला नसेल तर थर्मल अब्लेशनने (उष्णतेने डाग जाळून) भागतं. १०० अंशांचा प्रोब २०-३० सेकंद, भूल नाही, त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जातं, महिनाभर संबंध टाळायचे, वर्षाने पुन्हा दाखवायचं. ते पाणी जाणं आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि शेजारणीलाही घाबरवते.

कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आत्ताच पाहून ठेवा. लग्नाआधीचं नाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, यात दिवस जातात. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्याला) गाठायचं.

पर्वती_पायथा

मंडळाने रविवार सोडला. येत्या महिन्यापासून बुधवार २ ते ५, १८ नावं. कॉल्पोस्कोपीचा वार विचारायला उद्या दोघी जातोय. एक राहिलं: खोलीत सिस्टरच्या मदतीला आशाताईच असाव्यात का? आणि मुलींना लस दिली की आयांची तपासणी नको ना, असं काहीजणी विचारतायत.

मुळाकाठ

आशाताई त्याच वस्तीत राहतात. काहींना त्यांचा आधार वाटतो, काहींना त्यांनी आत असणं अजिबात नको असतं, आणि तोंडावर कोणी सांगत नाही. म्हणून मदतनीस बाहेरच्या भागातली बाई ठेवा. आशाताई दाराबाहेर खुर्ची टाकून नावं पुकारायला. आत कोण हवं ते प्रत्येकीला वेगळं विचारा, दार लावल्यावर.

लसीचं: ती मुलीला, ९ ते १४ वयात, एक किंवा दोन डोस; दोन असतील तर सहा महिन्यांच्या अंतराने. आपल्या मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे. आईची तपासणी त्याने टळत नाही. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी आहेच, कारण कॅन्सर करणारे विषाणूचे सगळेच प्रकार लसीत नाहीत.

पहिल्या बुधवारी १८ ऐवजी १२ च नावं घ्या. सिस्टरचा हात बसू दे, दिवा आणि टेबल कुठे अडतं ते कळू दे.